पाच बैठकांची वाट

थोरली : बाजूला व्हा, बाबा. रंग सांडेल अंगावर.

बाबा : सांडू दे.

थोरली : तिसऱ्यांदा सांगतेय मी.

बाबा : मीही तेच परत सांगतो. मी जिवंत असेपर्यंत या फळीला हात लावायचा नाही.

(डोंगराच्या पायथ्याशी वाटाड्यांची कचेरी. दाराशी माणसाएवढा उंच लाकडी फलक. त्यावर बेट ओलांडणाऱ्या चार वाटा आणि प्रत्येकीपुढे, ती चालताना किती वेळा बसावं लागतं तो आकडा : समुद्रवाट २, कडेवाट ४, धबधब्याची वाट ७, शिडीवाट ५. फलकाला पाठ लावून म्हातारा उभा आहे. समोर पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन त्याची मुलगी, वाटाड्यांची प्रमुख. मुलगा छापखान्यातून आत्ताच धापा टाकत आला आहे.)

धाकटा : अरे, काय चाललंय काय! रस्त्यापर्यंत आवाज येतोय तुमचा. ताई, तो ब्रश खाली ठेव. बाबा, हात खाली घ्या, दरोडा पडल्यासारखे उभे आहात. मी मशीन थांबवून आलोय. चार हजार पत्रकं छापायची आहेत, त्यातली शंभर तरी चारच्या बोटीआधी हवीत. आणि अडलंय कशावर, तर एका आकड्यावर!

थोरली : त्याच आकड्यापायी दोन माणसं इस्पितळात पडलीत.

धाकटा : ते माहीत आहे मला.

थोरली : तुला ऐकून माहीत आहे. मी खांद्यावरून उतरवलंय त्यांना. परवा सकाळी ती दोघं या खिडकीशी उभी होती. साठी उलटलेली. बाई निवृत्त मुख्याध्यापिका. चष्मा पुसून अख्खा फलक वाचला त्यांनी, खालचे नियमसुद्धा. मग मला म्हणाल्या, ''यांना दम लागतो हो, सात बैठका झेपायच्या नाहीत. धबधब्याऐवजी ही पाचवाली घेऊ का?'' आणि मी काय म्हटलं माहीत आहे?

धाकटा : ताई, जाऊ दे ना.

थोरली : मी म्हटलं, ''घ्या.''

बाबा : मग चूक तुझी. दम लागणाऱ्या माणसाला कुणी शिडीवाट दाखवतं?

थोरली : माझी? फलकावर जे आहे तेच सांगायचं, हा नियम कुणी केला? तुम्ही! आपल्या मनाचं काही सांगायचं नाही, एकाचं सोपं ते दुसऱ्याचं अवघड, म्हणून आकडा सांगायचा आणि गप्प बसायचं. हे वाक्य मला तुम्ही लहानपणी पाढ्यासारखं घोकून घेतलंय. मी आकडा सांगितला आणि गप्प बसले. त्या माणसाचा पाय दोन ठिकाणी मोडलाय, बाईंचा खांदा निखळलाय. छातीचं काय ते डॉक्टर अजून सांगत नाहीयेत.

बाबा : वाट अवघड नसते. माणूस तयारीनं येत नाही. आजकाल येतात ते असले गुळगुळीत तळव्याचे बूट घालून...

थोरली : चांगले बूट होते त्यांचे! सोडून आणलेत मी, तिथं बाकाखाली ठेवलेत. बघा जाऊन. तुमच्या बुटांपेक्षा चांगले आहेत.

धाकटा : हे बघा, मी काय म्हणतो, सोपं करू. आकडाच छापू नये. पत्रकात लिहू, 'शिडीवाट : अवघड'. बास. झाकली मूठ सव्वा लाखाची.

बाबा : ती म्हण माझ्यासमोर नको.

धाकटा : आता म्हणीनं काय बिघडवलं तुमचं?

बाबा : नको म्हटलं ना!

थोरली : आणि 'अवघड' म्हणजे काय रे? कडेवाटही अवघडच. धबधब्याचीही अवघडच. लोक इथं उभं राहून तुलना करतात. डोंगर दुरून साजरे, त्यांना काय दिसतं? लांबी दिसते आणि आकडा दिसतो. धबधब्याची वाट सोळा किलोमीटर, सात बैठका. शिडीवाट नऊ किलोमीटर, पाच बैठका. कुणीही शहाणा माणूस काय निवडेल? तूच सांग.

धाकटा : शिडीवाट. मी तर कुठलीच निवडणार नाही, मी बोटीनं जाईन.

थोरली : फाजीलपणा पुरे. धबधब्याच्या वाटेला सोळा किलोमीटर असले तरी पायाखाली जमीन आहे. सावली आहे, दर तासाला पाणी आहे, पाय ठेवला की राहतो. शिडीवाटेला काय आहे? चौदा शिड्या, मधे सगळी मुळं आणि चिखल. हातानं ओढून घ्यायचं स्वतःला, ते वेताचे दोर भिजले की साबणासारखे होतात. वर डोंगराच्या कण्यावर गेलं की वारा नाही, पाण्याचा थेंब नाही, नुसती वाफ. आणि उतरताना त्याच शिड्या पाठमोरं. तिला म्हणे पाच! बाबा, खरं सांगा, कोण करतं ती पाचात?

बाबा : सगळे करतात. विचार तुझ्या वाटाड्यांना. प्रत्येकजण बिल्ला मिळण्याआधी ती वाट करून आलाय, आणि प्रत्येकानं वहीत लिहिलंय, पाच. कुणी सहा. सातच्या वर एकही नाही.

थोरली : विचारलं! काल रात्री एकेकाला धरून विचारलं. दाढीवाल्यानं वहीत पाच लिहून दोन दिवस अंथरूण सोडलं नव्हतं. बायकोला म्हणाला, ताप आलाय. तो जाड्या, छाती फुगवून 'पाचात केली' सांगत हिंडतो ना, तो दहा वेळा बसला. वर एकदा आडवा झाला, ते म्हणे धरायचं नाही, कारण नियमात फक्त बसणं आहे! कुणाला आठ, कुणाला बारा. आणि सगळे लिहितात पाच. का? तर बाबांना पाच लागल्या, आपल्याला बारा लागल्या म्हणजे आपलेच पाय कच्चे. वाट खरी, आपण खोटे. सव्वीस वर्षं अख्खी कचेरी एकमेकांच्या तोंडावर खोटं बोलतेय.

धाकटा : आणि तू?

थोरली : काय मी?

धाकटा : तुझ्या बिल्ल्याच्या वेळी. वहीत तुझ्या अक्षरात पाच आहे. मी पाहिलंय.

थोरली : नऊ. नऊ लागल्या मला. सातव्या वेळी बसले आणि रडले. आपण याच बापाची मुलगी आहोत का, असं वाटलं मला. मग खाली आले, तोंड धुतलं आणि लिहिलं पाच. म्हणून तर अंगाची आग होतेय माझी! मला ठाऊक होतं. त्या बाईंना 'घ्या' म्हणताना माझ्या गुडघ्यांना ठाऊक होतं.

बाबा : तुला नऊ लागल्या यात वाटेचा काय दोष?

थोरली : हेच! हेच ऐकायचं होतं मला! तुमच्या त्या पाचाची मिजास सांभाळायला लोकांनी पाय मोडून घ्यायचे. बिल्ल्यावर पाच बैठकांच्या पाच गाठी शिवलेल्या, कचेरीच्या शिक्क्यावर पाच गाठी. वादळात बोटी बंद, बायको इस्पितळात, आणि गडी शिडीवाटेनं पाच बैठकांत बेट ओलांडून आला! येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात लोक. तुम्ही तिथं कोपऱ्यात बसून ऐकता, मान खाली घालून. मला वाटायचं, दुःखानं घालता. नाही. गुदगुल्या होत असतील.

धाकटा : ताई! तोंड सांभाळ.

बाबा : बोलू दे तिला.

थोरली : बोलणारच आहे. इस्पितळात त्या बाईंनी मला काय सांगितलं, ऐका. त्या मला एक शब्दही वावगा बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, ''अगं, आम्ही चौथ्या बैठकीलाच परत फिरणार होतो. यांचा चेहरा पांढरा पडला होता. पण मीच म्हटलं, आता एकच राहिली. मग पाचवी झाली. मी म्हटलं, झालंच आता, पुढच्या वळणावर समुद्र दिसेल.'' कळतंय का तुम्हाला? आकडा नसता तर ती परत फिरली असती! आकड्यानं त्यांना वर नेलं. पाचवी झाली म्हणजे संपलं, असं वाटलं त्यांना. आणि ती अजून अर्ध्यातही नव्हती.

बाबा : पाचवी झाली म्हणजे संपलं.

थोरली : हो! आणि असं वाटणारी ती पहिली बाई नव्हे. माझी आईही तशीच गेली.

बाबा : तिला मधे आणू नकोस.

थोरली : का नको? तुम्ही नव्हता तिथं, मी होते! नऊ वर्षांची. मावशी याला घेऊन घरी, हा दोन वर्षांचा. इस्पितळात मी आणि ती. पोटात काही फुटलं होतं तिच्या, डॉक्टर आत-बाहेर करत होते, वादळानं दिवे जात होते. ती एकच विचारत होती, ''कुठवर आले असतील?'' मी तिचा हात हातात घेतला, पंजा उघडला. म्हटलं, आई, शिडीवाटेनं येतायत, पाच बैठकांची वाट आहे. एकेक बैठक झाली की एकेक बोट मिटायचं. मूठ झाली की बाबा दारात. घड्याळात बघून मी बोटं मिटत होते. करंगळी. मग हे. मग मधलं. ती हसली होती तेव्हा. चौथं मिटलं तेव्हा डोळे मिटून म्हणाली, ''आता एकच.'' मग अंगठा मिटला. मूठ झाली. आणि तुम्ही आला नाहीत.

धाकटा : हे मला कधीच सांगितलं नाहीस.

थोरली : काय सांगायचं? एक तास ती मूठ धरून बसले होते मी. उघडायला गेले तर ती म्हणाली, ''राहू दे, येतील.'' एक तास! आणि मग ती गेली. त्यानंतर आणखी एका तासानं तुम्ही आलात, चिखलानं माखलेले. मी विचारलं, ''किती बैठका?'' तुम्ही म्हणालात, ''पाच.'' मला वाटलं, मग पाचच होत्या तर उशीर का झाला? लांब लांब बसलात का? कुठं आडवे झालात का? सव्वीस वर्षं हाच विचार माझ्या डोक्यात. पाच बैठका, पण केवढ्या मोठ्या! आई मूठ आवळून वाट बघत होती आणि हे वर कुठं दगडावर टेकून...

धाकटा : ताई, थांब. एक मिनिट थांब. मला काहीतरी सांगायचंय, आणि आत्ता सांगितलं नाही तर कधीच सांगणार नाही.

बाबा : तू जा मशीनपाशी.

धाकटा : पत्रकाच्या मुखपृष्ठावर सुतळ्यांचा फोटो घ्यायचा होता. बाबा प्रत्येक वाट मोजताना कमरेच्या सुतळीला गाठ मारायचे ना, एका बैठकीला एक. आत भिंतीवर खिळे आहेत चार, सुतळ्या मात्र तीन.

थोरली : शिडीवाटेची पावसात कुजली. सगळ्यांना माहीत आहे.

धाकटा : म्हणून मी बाबांच्या जुन्या पेटीत जादाची सुतळी शोधत होतो. खोटी चौथी बनवणार होतो फोटोपुरती, खोटं कशाला बोलू. आईच्या साडीच्या घडीत होती ती. कुजलेली नाहीये.

बाबा : माझी पेटी उघडलीस तू?

धाकटा : उघडली.

बाबा : कुणाला विचारून? घोड्याएवढा झालास तरी अक्कल नाही? ते काय छापखान्याचं फडताळ आहे, वाटेल तेव्हा हात घालायला? इकडे आण ती!

धाकटा : नाही आणणार. खिशातच आहे. आठवडाभर घेऊन फिरतोय, सांगू की नको करत. ताई, हात पुढे कर. तूच मोज.

बाबा : नको मोजूस.

थोरली : चार... पाच... ही अर्धवट सुटलेली धरायची का?

बाबा : धरायची. पाऊस होता, ओढली गेली नाही.

थोरली : ...नऊ. दहा. अकरा. बाबा, या अकरा आहेत.

बाबा : मला काय मोजता येत नाही का!

थोरली : अकरा! तुम्ही अकरा वेळा बसलात, आणि तोंड वर करून इथं पाच रंगवलंत?

बाबा : हो.

थोरली : नुसतं हो? अकरा गाठी मारायला वेळ होता तुम्हाला? ती मरत होती आणि तुम्ही गाठी मारत होता?

बाबा : हाताला सवय होती. बसलो की हात कमरेकडे जायचा. मला खाली आल्यावर कळलं की मारल्यात.

थोरली : थांबा. थांबा जरा. शिडीवाट अकरा. धबधब्याची सात. वादळातही सातच्या आठ होतील, नऊ होतील. म्हणजे तुम्ही धबधब्यानं आला असता तर...

बाबा : हो.

थोरली : तर वेळेवर पोचला असता.

बाबा : दोन तास आधी. जास्तच. ती गेली त्याच्या तासभर आधी दारात असतो. मी हा हिशेब रोज केलाय, तू आज करतेयस.

धाकटा : मग का नाही आलात तिकडून?

बाबा : तुझ्या ताईनं आत्ता सांगितलं ना, कुणीही शहाणा माणूस काय निवडेल. सोळा आणि नऊ. पहाटे निरोप आला, मी पलीकडच्या छावणीत होतो. डोक्यात एकच, जवळची वाट कुठली. नऊ किलोमीटर! ''शिडीवाटेनं निघालो'' असा उलट निरोप धाडला. शिड्या मीच बसवल्या होत्या, म्हटलं, आपल्या घरचीच वाट. आज सामान घेऊन या चार शिड्या, उद्या त्या चार, अशी तुकड्यातुकड्यानं चढलो होतो. सलग एकदाही नाही. चौथ्या शिडीवर कळलं की चुकलो. तोवर मागं फिरण्यात अर्थ नव्हता. मग बसत गेलो. पाय उचलेनात, म्हणून बसत गेलो. वर कुठं दगडावर आराम नाही केला पोरी. एकेकदा तर हातानं पाय उचलून पुढच्या पायरीवर ठेवलाय.

थोरली : आणि हे लपवायला पाच लिहिलंत. सात आणि अकरा शेजारीशेजारी लिहिलं असतं तर कुणीही विचारलं असतं, मग हा बाबा बायको मरताना अकराच्या वाटेनं का आला? पाच लिहिलं की प्रश्नच मिटला. पाच म्हणजे बरोबर वाट निवडली, मर्दासारखा आला, नशीब आडवं आलं. वा! आणि आम्ही सगळे तुमच्या अब्रूपायी त्या शिड्या चढतोय! धिक्कार आहे बाबा. तोंड बघू नये असं वाटतंय मला तुमचं.

बाबा : खरं आहे.

थोरली : भांडा तरी! काहीतरी बोला!

बाबा : काय बोलू? लाज वाटत होती, हे खरं आहे.

धाकटा : पण मला एक कळत नाहीये. ताई, रागावू नकोस. पाचच का?

थोरली : म्हणजे?

धाकटा : चार का नाही, सहा का नाही? आणि तू आईला म्हणालीस, पाच बैठकांची वाट आहे. बाबा यायच्या आधी. पण बाबांनी तोवर ती मोजलीच नव्हती, आत्ता म्हणाले ना, सलग एकदाही नाही. फलकावर तेव्हा तीनच वाटा असणार. मग तुला आकडा कुणी सांगितला?

थोरली : बाबांनीच. घरी कधीतरी...

बाबा : शिड्या बसून तेव्हा आठच दिवस झाले होते. मी दोन महिने घरी आलो नव्हतो.

थोरली : मग मावशी म्हणाली असेल. नाहीतर कचेरीत कुणीतरी.

बाबा : कुणीच म्हणालं नाही. कुणाला माहीतच नव्हतं.

थोरली : पण मी सांगितलं ना तिला. मला नीट आठवतंय. मी तिचा पंजा उघडला आणि...

धाकटा : ताई.

थोरली : पंजा उघडला, आणि पाच बोटं होती.

बाबा : मी आलो तेव्हा तिला झाकलेलं होतं. हात तेवढा बाहेर होता, आणि तो तू धरला होतास. सोडवत होते तर सोडत नव्हतीस, नर्सला चावलीस. मी जवळ आलो. तू पहिलं काय विचारलंस? 'आलात' नाही, काही नाही. 'किती बैठका?' मी त्या मुठीकडे बघितलं. डॉक्टरांनी दारातच सांगितलं होतं, पोरगी आईला बोटं मोजून दाखवत होती म्हणून. मी अकरा म्हटलं असतं तर तुला काय वाटलं असतं? आपण आईला खोटं सांगितलं. आपण पाच म्हटलं म्हणून ती पाचाचीच वाट बघत बसली.

थोरली : तेच खरं आहे की.

बाबा : तू नऊ वर्षांची होतीस! तेव्हा कुणी खरं सांगतं? मी म्हटलं, पाच. तू मूठ सोडलीस. मग तू सगळ्या बेटाला सांगत सुटलीस, बाबा पाचात आले, बाबा पाचात आले. महिन्यानं फलकावर चौथी फळी ठोकायची वेळ आली. तू इथंच उभी होतीस, रंगाचा डबा धरून. मी अकरा कसं लिहायचं होतं तुझ्यासमोर?

थोरली : दुसऱ्या वर्षी लिहायचं. दहाव्या वर्षी लिहायचं! मी मोठी झाले ना कधीतरी?

बाबा : झालीस. पण रागीट झालीस. म्हटलं, माझ्यावर रागावलेली बरी. स्वतःवर रागावलीस तर कोण समजावणार?

थोरली : हे तुम्ही ठरवायचं? माझा राग कुणावर, तेही तुम्ही मोजून देणार मला? सव्वीस वर्षं मी तुमच्याशी सणकून बोलले, धड एक दिवस मायेनं वागले नाही. आणि तुम्ही ऐकून घेत बसलात, का, तर मला बरं वाटावं? काही बरं नाही वाटलं मला! समजलं? एक दिवस नाही!

बाबा : समजलं.

थोरली : आणि तो माणूस तिकडे पाय वर बांधून पडलाय. तुमच्यामुळे आणि माझ्यामुळे. त्या बाईंना जाऊन काय सांगायचं? माझ्या आईला पाच बोटं होती, म्हणून?

बाबा : तेच सांगायचं. मी सांगतो. संध्याकाळी मी येतो तुझ्याबरोबर. त्यांनी चार शब्द सुनावले तर ऐकून घेईन, मला सवय आहे.

धाकटा : बाबा, अडीच वाजले. मी घाई करत नाहीये. पण चाळीस माणसं बोटीत बसली असतील एव्हाना.

बाबा : आधी सरकू दे मला. पाठ चिकटली या फळीला. हं. खरवड आता.

थोरली : मी नाही. नियम तुमचाच आहे, आकडा मोजणाऱ्यानंच बदलायचा.

बाबा : तिरकं होईल माझ्याकडून.

थोरली : होऊ दे. डबा मी धरते. तेव्हाही मीच धरला होता.

धाकटा : अहो बाबा, दुसरा एक केवढा तिरका गेलाय! बघवत नाहीये. छापताना मी सरळ करीन.

थोरली : सरळ करायची काही गरज नाही. आणि पत्रकात खाली एक ओळ घाल, 'सहाव्या बैठकीनंतर मागं फिरायला लाजू नये.' ठळक अक्षरात घाल.

धाकटा : घालतो. वाटा मोजल्या म्हणून बाबांचं नाव तसंच ठेवू?

थोरली : ठेव. आकडा बरोबर आहे आता. तू पळ.

धाकटा : पळतो. तुम्ही दोघं परत सुरू करू नका म्हणजे झालं.

बाबा : गेला?

थोरली : गेला. तो ब्रश द्या इकडे, रंगानं माखलात सगळे.

बाबा : ती सुतळी...

थोरली : चौथ्या खिळ्याला लावते मी. तुम्ही घालाल ती परत साडीच्या घडीत, मला माहीत आहे तुम्हाला.

बाबा : अजून रागावलीयस.

थोरली : खूप. राहणार आहे अजून बरेच दिवस. कुठं निघालात आता?

बाबा : आत. पाय भरून आलेत. पण कचेरीच्या वेळेत वाटाड्यानं पायरीवर बसू नये, असा आपलाच नियम आहे.

थोरली : सरका जरा, मलाही जागा द्या. बसा इथंच. ही मोजायची नाही.